स्कोअरकार्डात नसलेलं नाव

एक साधा क्विझचा प्रश्न. रमाकांत आचरेकर फर्स्ट क्लासच्या किती मॅचेस खेळले? उत्तर: एक. १९६३-६४ च्या मोसमात, मोईन-उद-दौला स्पर्धेत, स्टेट बँकेकडून हैदराबादविरुद्ध. आजच्या भाषेत एका ओळीचा रेझ्युमे!

खरं करिअर घडलं ते शिवाजी पार्कच्या मातीत आणि शारदाश्रम शाळेच्या टीमबरोबर. सरांचा भर मॅचेसवर. एक इनिंग संपली की सचिनला स्कूटरवर मागे बसवून दुसऱ्या मैदानावर न्यायचे. दिवसाच्या शेवटी, पोरगा दमला की, स्टंपवर रुपयाचं नाणं. आउट केलं तर बोलरचं, टिकला तर सचिनचं. अशी १३ नाणी सचिनने जपून ठेवलीत. आणि 'वेल प्लेड'? ते २९ वर्षांत एकदाही नाही, असं सचिननेच २०१३ मध्ये वानखेडेवर निरोप घेताना सांगितलं. पोरगा हवेत जाईल ना!

असो. हे तुम्हा-आम्हाला पाठ आहे. मला हल्ली वेगळंच आठवतं. फेब्रुवारी १९८८, आझाद मैदान, हॅरिस शील्डची सेमीफायनल. सचिन नाबाद ३२६, कांबळी नाबाद ३४९, भागीदारी ६६४. आणि बाहेर पॅड बांधून बसलेला पुढचा बॅट्समन, अमोल मुझुमदार. त्याची बॅटिंग आलीच नाही. पुढे फर्स्ट क्लासमध्ये ११ हजारांवर रन्स केले, तरी भारताची कॅप काही मिळाली नाही. पण २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत हरमनप्रीतच्या टीमने वर्ल्ड कप उचलला, तेव्हा कोच हाच अमोल होता. सरांचाच दुसरा चेला चंदू पंडित. आधी विदर्भाला, मग २०२२ मध्ये मध्य प्रदेशला पहिली रणजी ट्रॉफी मिळवून देणारा कोच. सर २ जानेवारी २०१९ ला गेले. मुझुमदारचा तो वर्ल्ड कप काही त्यांनी पाहिला नाही.

तिकडे अमेरिकेत कॉलेज बेसबॉलमध्ये माइक मार्टिन होते. फ्लोरिडा स्टेटला १९८० ते २०१९, सलग ४० सीझन हेड कोच. २,०२९ विजय आणि राष्ट्रीय विजेतेपद शून्य! आपल्या अप्रेझलच्या फॉर्ममध्ये या माणसाला काय रेटिंग दिलं असतं हो?

हे सगळं डोक्यात यायचं कारण म्हणजे ऑफिसात मला टीम लीड हो म्हणतायत. म्हणजे स्वतःचा कोड जवळपास बंद, पाच पोरांचा बघायचा. वर्षाच्या शेवटी 'हे मी केलं' म्हणून दाखवायला काय उरणार, ही खरी भीती.

पण मग परभणी आठवली. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' म्हणत आम्ही छाती फुगवायचो. गल्लीत क्रिकेट दिवसभर चालायचं, सिक्सर मारणारे तर ढिगाने. पण 'डावं कोपर वर घे' एवढं सांगणारं कुणीच नव्हतं. ती पोरं कमी पडली असं मला आजही वाटत नाही. त्यांच्यासाठी रोज मैदानावर येणारा एक माणूस कमी पडला.

तेव्हा सोमवारी 'हो' कळवतोय. पहिल्या कोड रिव्ह्यूला 'वेल प्लेड' म्हणायचं की नाही, तेवढं ठरायचंय. तुम्हाला काय वाटतं?