फुलोरा आणि विहीर

आमच्या सौंसर-पांढुर्ण्याच्या मुलखात संत्र्याचा व्यापारी फळ झाडावर असतानाच बागेचा सौदा करतो. मात्र नुसता फुलोरा पाहून तो इसार देत नाही; आधी विहिरीत डोकावतो.

शाळेतील एका तरुण सहकाऱ्याने घर बांधण्यासाठी साठविलेले पैसे फाइव्ह-जीच्या कंपन्यांत गुंतविण्याचा बेत सांगितला, तेव्हा मला ही विहीर आठवली. बिनतारी ब्रॉडबँडचा फुलोरा खराच आहे. पण लहरींचे पट्टे लिलावात घ्यायचे, मनोरे उभारायचे आणि तंत्राची पुढली पिढी आली की पुन्हा थैली मोकळी करायची, असा हा धंदा. २०१० साली इन्फोटेलने देशभरचे ब्रॉडबँडचे पट्टे १२,८४८ कोटी रुपयांना घेतले. रिलायन्सने ती कंपनी तत्काळ आपल्याकडे घेतली, तरी जिओची सेवा सुरू व्हायला सप्टेंबर २०१६ उजाडला. एवढा काळ पैसा ओतीत थांबणे धनाढ्याला साधते, मास्तराला नव्हे!

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. रिलायन्स कम्युनिकेशन्सचा शेअर २००८ च्या आरंभी ८०० रुपयांवर होता. २०१९ मध्ये कर्जाखाली दबलेली ती कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत होती. दरम्यान देशात मोबाइल वापरणारे कमी का झाले होते? उलट कितीतरी पटींनी वाढले. स्वस्ताईचा लाभ गिऱ्हाइकाने नेला, भागधारकाच्या हाती काही उरले नाही.

म्हणून सहकाऱ्याला मी कंपनीच्या वार्षिक अहवालात नफ्याच्या आधी कर्जाचे व सरकारी देण्यांचे पान उघडावयास सांगितले. आणि शेअर घ्यायचेच तर घराच्या पैशांतून नकोत, एवढे बजावले.