माँटगोमेरी : कारंजे ते कॅपिटॉल

लेकीकडे अटलांटाला महिनाभर राहायला गेलो होतो. एका शनिवारी जावयांनी गाडी काढली आणि आम्ही सगळे शेजारच्या अलाबामा राज्याची राजधानी माँटगोमेरी पाहायला निघालो. वाट सुमारे अडीच तासांची. बरोबर आमचा आठ वर्षांचा नातू होता, म्हणजे प्रश्नांना तोटा नव्हता.

शहर फार मोठे नाही. कोर्ट स्क्वेअर या चौकात १८८५ साली बसवलेले एक देखणे कारंजे आहे. लोक तिथे फोटो काढतात, आम्हीही काढले. मग शेजारचा फलक वाचला आणि फोनवरचा हात थांबला. गुलामगिरीच्या काळात याच चौकात जमीन आणि जनावरांबरोबर माणसांचाही लिलाव होत असे. बाया, बापे, लेकरेसुद्धा.

याच चौकातल्या थांब्यावर १ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स बसमध्ये चढल्या. वय ४२, काम शिवणकामाचे. त्यांना जिथे अटक झाली तिथे आता त्यांच्या नावाचे संग्रहालय आहे. आत त्या काळच्या बसची प्रतिकृती उभी आहे. पुढच्या दहा जागा गोऱ्यांसाठी राखीव असत. मधल्या रांगांत कृष्णवर्णीयांना बसता येई, पण गोरा प्रवासी आला की उठावे लागे. त्या संध्याकाळी एका गोऱ्या माणसासाठी ड्रायव्हरने चौघांना उठायला सांगितले. तिघे उठले, रोझाबाई उठल्या नाहीत. त्यांना दहा डॉलर दंड आणि चार डॉलर कोर्टखर्च भरावा लागला.

नातवाने हळूच विचारले, "नाना, आपण कुठे बसलो असतो?"

आम्ही आपला सावळा हात पाहिला आणि गप्प राहिलो. लेकही काही बोलली नाही.

कारंज्यापासून डेक्स्टर अव्हेन्यू हा रुंद रस्ता चढत थेट कॅपिटॉलपर्यंत, म्हणजे राज्याच्या विधानभवनापर्यंत जातो. अंतर एक किलोमीटरही नाही. कॅपिटॉलच्या थोडे अलीकडे लाल विटांचे एक साधे चर्च आहे. १९५४ साली मार्टिन ल्यूथर किंग इथे पाद्री म्हणून आले तेव्हा जेमतेम पंचवीस वर्षांचे होते. बस बहिष्काराची आखणी याच चर्चच्या तळघरात झाली. आत जायचे तर वेळ आधी ठरवून जाणे बरे.

कॅपिटॉलच्या दर्शनी पायऱ्यांवर पितळेचा एक तारा जडवला आहे. गुलामगिरी टिकवण्यासाठी फुटून निघालेल्या राज्यांचा अध्यक्ष जेफरसन डेव्हिस याने फेब्रुवारी १८६१ मध्ये तिथे उभे राहून शपथ घेतली. पुढे मार्च १९६५ मध्ये सेल्माहून ८७ किलोमीटर चालत आलेला मोर्चा याच पायऱ्यांसमोर थांबला. मागणी मताच्या हक्काची होती आणि किंग यांनी हजारोंपुढे भाषण केले. वर उभे राहिले की एका नजरेत तारा, चर्च आणि दूरवरचे कारंजे दिसते. शंभर वर्षांचा झगडा एवढ्याशा जागेत मावला आहे.

शेवटी किंग यांचे राहते घर पाहिले. लाकडी, बैठे, पुढे ओसरी. बहिष्कार चालू असताना ३० जानेवारी १९५६ च्या रात्री या ओसरीवर बॉम्ब टाकला गेला. आत पत्नी कोरेटा आणि दोन-अडीच महिन्यांची मुलगी होती. दोघी बचावल्या. बाहेर संतापलेला जमाव जमला होता. किंग धावत आले आणि त्याच ओसरीवरून लोकांना शांत राहण्याची विनंती केली. स्फोटाची खूण आजही जपून ठेवली आहे. हेच किंग १९५९ मध्ये भारतात आले तेव्हा मुंबईच्या मणिभवनात, गांधीजींच्या जुन्या मुक्कामी राहिले होते. आम्ही मुंबईत इतकी वर्षे काढली, पण मणिभवनाची पायरी कधी चढलो नाही, याची तिथे लाज वाटली.

परतताना गाडीत नातवाने दुसरा प्रश्न काढला. "नाना, त्या ड्रायव्हरने सांगितलं असतं तर तुम्ही उठला असता?"

खोटे सांगावेसे वाटत होते. पण दिवसभर जे पाहिले त्यानंतर जीभ वळेना. "बहुतेक उठलो असतो, बेटा. भीती वाटते माणसाला."

"मग?"

"मग त्यांच्यासारखा सोमवारपासून चालत गेलो असतो."

कारण शहर सोमवारीच बदलले. अटकेनंतरच्या सोमवारी, ५ डिसेंबरला, कृष्णवर्णीयांनी बसवर बहिष्कार टाकला. मोलकरणी, मजूर, शिक्षक, कुणी पायी तर कुणी ओळखीच्याच्या मोटारीतून कामाला जात राहिले. असे ३८१ दिवस गेले. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागून तो लागू झाला, तेव्हाच ते पुन्हा बसमध्ये चढले, हव्या त्या जागेवर बसायला.

नातू बोटांवर हिशेब करत होता. "म्हणजे एक वर्ष आणि सोळा दिवस," तो म्हणाला, आणि मग बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिला.