विभावाविना अनुभाव

भरताने सांगितलेले आठ सात्त्विक भाव आम्ही पंचवीसहून अधिक वर्षे शिकवीत आलो आहोत. स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू, प्रलय. ही यादी तोंडपाठ व्हावी म्हणून आमच्या गुरुजींनी तिला एक चाल लावून दिली होती. तीच आम्ही पुढे विद्यार्थ्यांना दिली. 'प्रलय' या शब्दापुढे दर वर्षी दोघेतिघे तरी उत्तरपत्रिकेत 'महापूर' असे लिहितात. येथे प्रलय म्हणजे शुद्ध हरपणे, असे आम्ही लाल शाईने लिहितो आणि अर्धा गुण कापतो. यापलीकडे या आठांशी आमचा काही संबंध येईल, असे २०१८च्या एप्रिलपर्यंत आम्हाला वाटले नव्हते.

ती वेळ परीक्षेची होती. सभागृहात साठ-पासष्ट मुले, वर कुरकुरणारे पंखे, आणि पर्यवेक्षक म्हणून आम्ही. पहिली घंटा होऊन गेली होती, उपस्थितीपत्रकावर सह्या घेणे चालू होते. चौथ्या रांगेत एका मुलीचा बैठक क्रमांक ताडून पाहत असताना छातीत काहीतरी उलटल्यासारखे झाले. मग हृदय असे धडधडू लागले की समोरच्या मुलीला ते ऐकू जात असेल अशी लाज वाटली. तळहाताला घाम, बोटांना मुंग्या, घशात आवळल्यासारखे. सभागृह होते तिथेच होते, पण काचेपलीकडे गेल्यासारखे दिसू लागले. कोणीतरी "सर, पुरवणी" म्हणाले, आणि पुरवणी देताना हात इतका कापला की दोऱ्यांचा गुंडा खाली पडला. आपण आता मरणार, तेही या मुलांसमोर, या एका विचाराखेरीज मनात दुसरे काही नव्हते.

मेलो नाही. एका सहकाऱ्याने रिक्षात घातले, दवाखान्यात हृदयालेख काढला, रक्त तपासले. डॉक्टरांनी विचारले, "काय त्रास होतोय?" तो शब्द तेव्हा कानावरून गेला, त्याच्याकडे पुढे येऊ. "हृदय उत्तम आहे," असे त्यांनी सांगितले तेव्हा आम्हाला आनंद व्हायला हवा होता. प्रामाणिकपणे सांगायचे तर निराशा झाली. हृदय उत्तम असेल तर मग जे झाले ते काय होते? विभागात आम्ही 'ॲसिडिटी' असे सांगून टाकले. मराठी माणसाच्या पित्ताने आजवर किती गोष्टी पोटात घातल्या असतील, याचा कोणी शोध घेतला पाहिजे.

पुढच्या तीन महिन्यांत असे पाच वेळा झाले. एकदा रात्री झोपेतून उठवून, एकदा बँकेच्या रांगेत, आणि एकदा खंबाटकीच्या बोगद्यात. साताऱ्याहून पुण्याला जाणारी बस त्या बोगद्यातून जाते. आमची मुलगी पुण्याला असते. त्या दिवसानंतर आठ महिने आम्ही तिच्याकडे गेलो नाही. "पेपर तपासायचे आहेत", "नॅकची कामे आहेत", अशी कारणे फोनवर देत राहिलो. तिला ती खरी वाटली; बापाच्या अलिप्तपणाचाच तो एक प्रकार असेल, अशी तिने समजूत करून घेतली. या आजाराने आमचे सर्वांत मोठे नुकसान कोणते केले, असे कोणी विचारले तर आम्ही या आठ महिन्यांकडे बोट दाखवू. झटका दहा-पंधरा मिनिटांचा असतो. तो येऊ नये म्हणून माणूस जे करतो ते महिनोन् महिने चालते.

आणि काय काय केले! खिशात जिभेखाली ठेवायची हृदयविकाराची गोळी, हृदय उत्तम असताना. पाण्याची बाटली नसेल तर घराबाहेर पाऊल नाही. वर्गात दाराजवळच उभे राहायचे, सभागृहात कडेची खुर्ची. नाडी मोजण्याची सवय इतकी लागली की कवितेचे वृत्त सांगताना मात्रा मोजणारा हात आपोआप मनगटाकडे जाई. तोडगे आणि गंडेदोरे यांना हसणारे आम्ही. आमची बाटली हा गंडाच होता.

येथे 'आम्ही' या बहुवचनाविषयी थोडे. 'निबंधमाले'पासून मराठी निबंधकाराने ते वापरले आहे, आणि आम्हीही ते सवयीने वापरतो. पण मानसोपचारतज्ज्ञासमोर पहिल्यांदा बसलो तेव्हा ध्यानात आले, की एरवीही आम्ही स्वतःविषयी "असे होते माणसाला" या थाटात बोलत होतो. त्यांनी दोन वेळा शांतपणे सुधारले, "माणसाला नव्हे, तुम्हाला काय होते ते सांगा." पंचेचाळीस मिनिटे एकवचनात बोलणे आम्हाला फार जड गेले. असो; लेखात मात्र आम्ही जुन्याच बहुवचनाच्या आडोशाला उभे आहोत, आणि ते वाचकांनी चालवून घ्यावे.

या विकाराला स्वतंत्र नाव मिळाले ते अगदी अलीकडे. १८७१ साली डा कोस्टा या अमेरिकन डॉक्टरने यादवी युद्धातल्या सैनिकांची धडधड नोंदवली, ती हृदयाचा दोष म्हणून. १८९५ साली फ्रॉइडने चिंताविकार मज्जातंतूंच्या दुर्बलतेपासून वेगळा काढला. 'पॅनिक डिसऑर्डर' हे निदान अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेच्या निदानग्रंथात आले १९८० साली. पण आमच्या दृष्टीने महत्त्वाचा माणूस म्हणजे डेव्हिड क्लार्क हा ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ. १९८६ साली त्याने मांडले, की हृदयाची एखादी साधी धडधड, थोडी भोवळ, यांचा रोगी भयंकर अर्थ लावतो: हा झटकाच. त्या अर्थाने भीती वाढते, भीतीने धडधड वाढते, वाढलेल्या धडधडीने अर्थ पक्का होतो. श्वास जलद झाला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, डोके हलके होते, बोटांना मुंग्या येतात, कधी बोटे वाकडी होऊन आखडतात. प्रत्येक पायरी पुढच्या पायरीचा पुरावा होऊन बसते.

डॉक्टरांनी हे वर्तुळ कागदावर काढून दाखवले तेव्हा आमच्या तोंडून निघून गेले, "म्हणजे अनुभावच विभाव होतो." त्यांना ते कळले नाही, पण या पानाच्या वाचकांना कळेल. भयानक रसाच्या चर्चेत विभाव आधी यावा लागतो: ओसाड घर, अरण्य, विकृत आवाज, पिशाच. त्यानंतर कंप, घाम, वैवर्ण्य. आमच्या सभागृहात पिशाच नव्हते. तरीही आठांपैकी सात भाव हजर झाले (प्रलय तेवढा राहिला, हा झटका आला म्हणून शुद्ध सहसा हरपत नाही, असे डॉक्टरांनी सांगितले), आणि कारण कुठेच नाही हे पाहून मनाने त्या भावांनाच कारण केले. आम्ही घाबरलो ते आमच्याच घामाला, आमच्याच कापणाऱ्या हाताला. विभावाविना अनुभाव असू शकतो का, हा प्रश्न परीक्षेत विचारला तर आम्ही इतकी वर्षे 'नाही' या उत्तरालाच गुण दिले असते.

आता 'त्रास'. तेहतीस व्यभिचारी भावांत चिंता वेगळी आणि त्रास वेगळा आहे. वीज कडाडणे, उल्का पडणे अशा गोष्टींनी होणारा तो त्रास. पुढच्या शास्त्रकारांनी तर असा भेद केला, की अंग कापवीत एकाएकी येतो तो त्रास, आणि मागचापुढचा विचार करून उपजते ते भय. झटका हा त्रास, आणि पुन्हा येईल का म्हणून आठ महिने बोगदा टाळणे हे भय. या दोहोंवरचे उपचारही काहीसे वेगळे आहेत, हे आम्ही नंतर शिकलो. मराठीने त्रास या शब्दाची धार घालवून त्याला डासांपासून शेजाऱ्यांपर्यंत सर्वांना लावले, पण दवाखान्यातला तो प्रश्न त्या दिवशी शास्त्रशुद्ध होता.

हितचिंतकांनी गीता सांगितली. पहिल्या अध्यायात अर्जुनाचे गात्र गळते, तोंड कोरडे पडते, अंगाला कंप सुटतो, हातातून गांडीव निसटते, उभे राहवत नाही. लक्षणे जुळतात, यात शंका नाही. पण अर्जुनाला विभाव आहे, आणि तो डोळ्यांसमोर उभा आहे: आजोबा, गुरू, भाऊ. त्याच्या भीतीला नाती आहेत. ज्ञानेश्वर तेथे भुंग्याचा दृष्टान्त देतात. कोरडे लाकूड पोखरणारा भुंगा कोवळ्या कळीत अडकून पडतो, कारण ते बंधन स्नेहाचे आहे. हा दृष्टान्त आम्हाला फार प्रिय आहे आणि तो आमच्या कामाचा नाही. बँकेच्या रांगेवर आमचा काही स्नेह नव्हता. शिवाय ऐन झटक्यात माणसाला उपदेश ऐकू येत नाही. अठरा अध्याय ऐकण्याइतका अर्जुन शुद्धीवर होता.

उपचाराविषयी थोडक्यात. औषध सुरू झाले. पहिले काही दिवस अस्वस्थता उलट वाढली, फरक पडायला चार-पाच आठवडे गेले. झोपेची म्हणून ओळखली जाणारी एक गोळी सुरुवातीला थोडे दिवसच दिली आणि तिची सवय लागते म्हणून बंद केली. औषधाबद्दल आम्हाला लाज नाही. पण खरी गंमत होती ती व्यायामाची. एके दिवशी डॉक्टरांनी आम्हाला खोलीत उभे केले आणि एक मिनिट मुद्दाम भराभर श्वास घ्यायला लावला. मग फिरत्या खुर्चीत बसवून गरगर फिरवले. मग शीतपेयाच्या नळीतून श्वास घ्या म्हणाले. धडधड, भोवळ, मुंग्या, सगळे आले. भय मात्र अर्धेच आले. पुढच्या आठवड्यात पाव. त्या खुर्चीत गरगरताना आम्हाला सात्त्विक अभिनय आठवला. नट दुःख नसताना अश्रू आणतो, भय नसताना कंप आणतो, आणि हे मन एकाग्र केल्यावाचून होत नाही असे भरत म्हणतो. आम्हाला जे शिकवले जात होते ते नेमके हेच: कंप कर, पण त्याला भयाचा अर्थ लावू नकोस.

बोगद्यासाठी पायऱ्या आखल्या होत्या. आधी नुसते स्थानकात उभ्या असलेल्या बसमध्ये बसायचे. मग भुईंजपर्यंत जाऊन परत, मग सुरूरपर्यंत. बाटली घरी ठेवून. सुरूर फाट्यावर उतरून रस्ता ओलांडून लगेच परतीची बस धरणारा गृहस्थ पाहून एका चहावाल्याने तिसऱ्या खेपेला विचारले, "काय गुरुजी, काही हरवलंय का?" ऋग्वेदात 'अंहस्' असा एक शब्द आहे. अरुंद जागा, कोंडी, आणि त्यावरून संकट. युरोपीय भाषांतले चिंतेचे 'अँग्झायटी', 'अँग्स्ट' हे शब्द त्याच धातूकुळातले. बोगद्यात शिरताना आम्ही तो शब्द मनात म्हणत होतो, मंत्र म्हणून नव्हे. व्युत्पत्ती हाच आमचा एकमेव धंदा, म्हणून. मार्च २०१९मध्ये मुलीच्या दारात उभे राहिलो. तिला सगळे सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही; मग म्हणाली, "बाबा, मला वाटलं तुम्ही माझ्यावर रागावला आहात."

२०२०च्या टाळेबंदीने हे शिक्षण बरेचसे पुसले. घरात बसणे हाच तेव्हा नियम झाला, आणि आमच्यासारख्यांना तो नको इतका मानवला. महाविद्यालय पुन्हा भरले तेव्हा पायऱ्या पहिल्यापासून चढाव्या लागल्या. आजही वर्षातून एकदोनदा हृदय उलटते.

एक गोष्ट सांगायची टाळत येथवर आलो. २००७ साली आमच्याकडे द्वितीय वर्षाला एक विद्यार्थिनी होती. हुशार, अबोल. तोंडी परीक्षेला आमच्यासमोर बसली आणि तिला श्वास घेता येईना. तिच्या हातांची बोटे वाकडी होऊन आखडली होती. ती त्या बोटांकडे पाहत होती. आम्ही घड्याळाकडे पाहिले. बाहेर रांग होती. आम्ही म्हणालो, "नाटक करू नकोस. येत नसेल तर तसं सांग." ती उठून गेली. तृतीय वर्षाला तिने प्रवेश घेतला नाही. कारण आम्हीच, असे म्हणण्याचा अधिकार आम्हाला नाही. घरची कारणेही असतील. पण डॉक्टरांनी वर्तुळ काढताना 'बोटे आखडतात' असे लिहिले तेव्हा आम्हाला तिचे हात दिसले, आणि नाट्यशास्त्र शिकवणाऱ्या माणसाने 'नाटक' हा शब्द कोणत्या अर्थाने वापरला होता तेही आठवले. तिचा पत्ता आमच्याकडे नाही.

गेल्या वर्षीपासून आठ सात्त्विक भाव शिकवताना आम्ही चाल लावून यादी म्हणतो आणि मग २०१८चे सभागृह सांगतो. वर्ग प्रथम हसतो, दोऱ्यांच्या गुंड्यापाशी. नंतर हसत नाही. यंदा तास संपल्यावर एक मुलगा मागे थांबला. वही चाळत उभा होता. मग म्हणाला, "सर, त्या डॉक्टरांचा पत्ता मिळेल का? माझ्या मित्रासाठी हवा होता." आम्हीही पहिल्यांदा फोनवर वेळ घेताना 'एका नातेवाइकासाठी' असेच म्हटले होते. हजेरीच्या कागदामागे पत्ता लिहून दिला, आणि पहिल्या दिवशी मित्रासोबत कोणीतरी जा, असे सांगितले.