अब्बांचा 'फे'

अब्बांचे वरचे समोरचे दोन दात एकाच उन्हाळ्यात गेले. शुगर जुनी, हिरड्या सैल झालेल्या. एक दात भाकरीचा तुकडा तोडताना हातात आला, दुसरा पंधरा दिवसांनी आपोआप पडला. आम्ही ते हसण्यावारी नेले. आमच्याकडच्या ज्वारीच्या एका वाणाचे नावच 'परभणी मोती'. मोत्यानेच मोती नेले, असा विनोदही घरात झाला. अब्बाही हसले, पण तोंडावर हात ठेवून. तो हात पुढे दीड वर्ष खाली आला नाही.

जेवणाचे फार अडले नाही. भाकरी सालनात कुस्करून खाता येते. अडले ते मगरिबनंतर. नमाज झाली की अब्बा नातवंडांना कुरआन शिकवायला बसतात. ते आलिम नाहीत, हाफिज नाहीत. आयुष्य जिनिंगमध्ये हिशेब लिहिण्यात गेले. पण लहानपणी उस्तादांनी मखारिज पक्के करून घेतलेले. दात गेल्यावर ते "तूच वाच, मी ऐकतो" म्हणू लागले. मग एक दिवस म्हणाले, "पोरांना मदरशात पाठवा. माझ्याकडून चुकीचं शिकतील."

आम्ही दोघेही शिक्षक; उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. तरी ही गोष्ट आमच्या लक्षात यायला इतके दिवस लागले. उर्दूत 'से', 'सीन' आणि 'स्वाद' तिन्ही आपण 'स' असेच म्हणतो, त्यामुळे बोलण्यात अब्बांचे फार बिघडलेले दिसत नव्हते. तिलावतीत मात्र 'से', 'जाल' आणि 'जोय' या अक्षरांना जिभेचे टोक वरच्या समोरच्या दातांच्या कडेला लागावे लागते, आणि 'फे'ला त्याच दातांची कड खालच्या ओठाच्या आतल्या बाजूला टेकावी लागते. दातच नाहीत तर जीभ टेकणार कशाला? नुसती हवा निघून जायची. अब्बांना ती ऐकू येत होती, आम्हाला नाही.

मग दवाखान्यात विचारले. समोरचे दोन दात बसवायचे तर दोन्ही बाजूंचा एकेक दात घासून चार दातांचा ब्रिज करावा लागेल. एका दाताचे चार हजार, म्हणजे सोळा हजार. आम्ही म्हणालो, दिवाळीच्या सुट्टीत बघू. खरे सांगायचे तर त्याच महिन्यात आम्ही फ्रिज बदलला होता. अब्बांनी तो पाहिला, काही बोलले नाहीत. अम्मीने विषय काढला तेव्हा इतकेच म्हणाले, "कफनाला दात लागतात का?"

आणि एके दिवशी आठवडी बाजारातून दात बसवूनच घरी आले. चारशे रुपयांत, पाऊण तासात. पावडर आणि पातळ औषध कालवून गुलाबी लगदा करायचा, त्यात तयार दात खोचायचे, शेजारच्या दातांना तारेने बांधायचे की झाले. अब्बा खुशीत होते. आम्हालाही, लाज वाटली तरी, सुटल्यासारखे वाटले. सोळा हजार वाचले होते!

सहा महिन्यांत तोंडाला वास येऊ लागला. हिरडी सुजली, दाबली की पू यायचा, तारेने बांधलेला डावीकडचा दात हलू लागला. त्या लगद्याखाली ना ब्रश जातो ना पाणी. अन्न अडकून कुजत राहते. त्यात शुगर. वास येतो म्हणून अब्बा मशिदीत सफेच्या अगदी टोकाला उभे राहू लागले आहेत, हे आम्हाला शेजाऱ्यांकडून कळले.

नोव्हेंबरमध्ये त्यांना परभणीला सरस्वती धन्वंतरी दंत महाविद्यालयात नेले. अशा महाविद्यालयांत शिकणारे डॉक्टर काम करतात आणि प्राध्यापक प्रत्येक पायरी तपासतात, त्यामुळे वेळ जास्त लागतो. तिथे ती प्लेट कापून काढली आणि हलणारा दातही काढावा लागला. दोनाचे तीन झाले. ज्या डॉक्टर मुलीने हे काम केले तिने रागावून विचारले, "शिकलेली माणसं ना तुम्ही?" आम्ही मान खाली घातली. दातांवर उपचार करायला नोंदणी लागते असे सांगणारा कायदा देशात 1948 पासून आहे. पण माणूस बाजारात जाऊन बसतो तो घरच्यांनी 'नंतर बघू' म्हटल्यावर.

हिरडी भरून हाड स्थिर व्हायला तीन महिने थांबावे लागले. तोवर त्यांनी काढता येणारे तात्पुरते दात दिले होते. इकडे अब्बांच्या मनात वेगळीच शंका. ब्रिज सिमेंटने कायमचा चिकटवतात, मग गुसलमध्ये पाणी खालपर्यंत पोहोचले नाही तर? आमच्या मशिदीच्या मौलानांनी समजावले: पक्का बसवलेला दात काढणे कष्टाचे असते, म्हणून तो काढायची गरज नाही, काढता येणारा मात्र गुसलच्या वेळी काढावा. त्यांनी हजरत अरफजा (रजि.) यांची हदीसही सांगितली. लढाईत त्यांचे नाक कापले गेले, त्यांनी चांदीचे बसवले, त्याला वास येऊ लागला, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना सोन्याचे नाक बसवायला सांगितले. वासाची गोष्ट ऐकून अब्बांचे डोळे भरले.

बाकड्यावर वाट पाहत बसून आम्ही बरेच वाचले. सुमारे हजार वर्षांपूर्वी कुर्तुबा शहरातल्या अल-जहरावी यांनी आपल्या 'अत्तसरीफ' या ग्रंथात हलणारे दात सोन्याच्या तारेने बांधायची रीत आणि बैलाच्या हाडापासून दात कोरून बसवण्याविषयी लिहिले आहे. आपल्या देशातले पहिले दंत महाविद्यालय 1920 साली कलकत्त्यात डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी काढले. अमेरिकेत शिकून आलेल्या या माणसाने कॉलेजच्या खर्चासाठी आइस्क्रीमचे दुकान चालवले. (दात किडवून दात दुरुस्त करायचे पैसे काढले, असे आमचा मुलगा म्हणतो.) 1964 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाला. हे नाव आमच्या स्टाफरूममध्ये एकालाही ठाऊक नव्हते, आम्हालाही नव्हते.

फेब्रुवारीत, तुराबुल हक यांच्या उरुसाच्या गर्दीत एसटीला लोंबकळत आम्ही पुन्हा गेलो. आता तीन दात नव्हते, म्हणून उजवीकडचे दोन आणि डावीकडचा सुळा असे तीन दात आधाराला घेतले. सहा दातांचा ब्रिज. आधाराचे दात सगळीकडून घासून बारीक करतात, माप घेतात, त्यावरून प्रयोगशाळेत आत धातू आणि वर सिरॅमिक असा एकसंध तुकडा तयार होतो. घासलेला दात परत पहिल्यासारखा होत नाही, हे त्यांनी आधीच सांगितले होते. शेजारचे दात वाचवायचे असतील तर इम्प्लांट हा दुसरा मार्ग. पण शुगर आणि खर्च पाहून आम्ही ब्रिज पत्करला.

पक्का बसवण्याआधी ब्रिज घालून पाहतात. डॉक्टर मुलगी म्हणाली, "बाबा, फळ म्हणा, फूल म्हणा." समोरच्या दातांची लांबी बरोबर आहे की नाही हे 'फ'वरून कळते, कड ओठावर नीट टेकली पाहिजे. अब्बांनी फळ म्हटले नाही. डोळे मिटून सूरह फलक म्हणू लागले. त्या सूरहमधल्या एका शब्दात 'फे' आणि 'से' जवळजवळ येतात, तिथे थांबले, पुन्हा म्हटले, आणि बोटाने दाखवले, "इथं जरा लांब आहे." तिने आमच्याकडे पाहिले. मग अगदी पुसटसे घासून दिले. तीनदा. दर वेळी अब्बा तोच शब्द म्हणायचे. तिसऱ्यांदा मान हलवली. शेजारच्या खुर्चीवरचा पेशंट म्हणाला, "बाबांचं परीक्षण कडक आहे."

रमजान लागण्याच्या आठवडाभर आधी ब्रिज पक्का बसला. खोट्या दाताखालची जागा साफ करायला बारीक ब्रश दिला आहे. तो वुजूच्या जागी मिस्वाकशेजारी टांगलेला असतो. तिथे घाण साचली तर आधाराचे दातही किडतात, म्हणून सहरीनंतर अम्मी पहारा देते.

पहिल्या रोज्याला इफ्तार होऊन मगरिबची नमाज झाली. धाकटी पुस्तक घेऊन बसली आणि 'से'वर अडली. 'सीन'सारखेच म्हणत राहिली. अब्बांनी तिला जवळ ओढले, तोंड उघडले आणि समोरच्या नव्या दातावर बोट ठेवले.

"इथं. इथं लाव जीभ."