बावीस वर्षांनी पेटी उघडली

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत धाकट्या भावाने साक्रीच्या घराचा माळा रिकामा केला आणि चादरीत गुंडाळलेली एक जड वस्तू रिक्षात घालून आमच्याकडे पिंपळनेरला पाठवली. सोबत निरोप होता, "आपा, ही तुमची अमानत. ठेवायची की विकायची, तुम्हीच ठरवा." चादर सोडली तर आत आमची हार्मोनियम. तिला शेवटचा हात लावला त्याला बावीस वर्षे झाली होती. (घरात 'हम' म्हणायची सवय, म्हणून इथेही 'आम्ही'च लिहितो. वाचकांनी त्यात मोठेपणा शोधू नये.)

अब्बांचे साक्रीत शिवणकामाचे दुकान होते. एका भजनी मंडळाने नवी पेटी घेतली तेव्हा जुनी त्यांनी अब्बांना हप्त्याने दिली. आम्ही तेव्हा सहावीत होतो. शाळेतले संगीताचे सर रोज संध्याकाळी अर्धा तास शिकवत. फी घेत नसत, पण ईदला शीरखुर्म्याचा डबा हक्काने मागत. त्यांनी आम्हाला गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक आणि प्रवेशिका परीक्षांना बसवले. पुढे बी.एड., नोकरी, निकाह, दोन मुले. पेटी माहेरीच राहिली.

आता उघडून पाहिली तर भात्याच्या घड्यांना चिरा गेलेल्या, आतल्या कापडाला कसर लागलेली. तीन पट्ट्या मुक्या, आणि एक सूर न दाबताही वाजत राहणारा. एका रविवारी ती घेऊन एसटीने धुळ्याला गेलो. दुरुस्ती करणाऱ्या चाचांनी झाकण काढून पितळी स्वरांची रांग दाखवली. साडेतीन सप्तके, ४२ पट्ट्या. म्हणाले, "बेटी, स्वर शाबूत आहेत. नुसती धूळ बसली आहे." ते पेटीबद्दल बोलत होते, पण ऐकताना आम्हाला आमच्याचबद्दल वाटले.

ही पेटी मूळची आपल्याकडची नाही. १८४० च्या सुमारास पॅरिसमध्ये अलेक्झांद्र दबें याने ती घडवली. तिकडे ती टेबलासारखी उभी असे आणि भाता पायाने चालवावा लागे. पुढे कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी हाताने भाता चालवायची लहान पेटी तयार केली आणि ती जमिनीवर मांडी घालून बसणाऱ्यांची झाली. मग भजनात गेली, कव्वालीत गेली, संगीत नाटकात गेली. पट्ट्यांची मांडणी मात्र पियानोचीच राहिली, तशाच पांढऱ्या आणि काळ्या.

दुरुस्त पेटी घरी आणून पहिल्या दिवशी बसलो तेव्हा मनात होते, चार दिवसांत हात बसेल. तसे झाले नाही. कोणती पट्टी कुठे आहे ते डोक्याला ठाऊक होते, बोटांना नव्हते. सा-रे-ग झाल्यावर अंगठा खालून काढून 'म'वर न्यायचा, एवढी साधी गोष्ट. अकराव्या वर्षी ती आठवड्यात जमली होती. आता अंगठा दर वेळी शेजारच्या पट्टीवर पडे. उजव्या हाताकडे लक्ष दिले की डावा हात भाता विसरे आणि सूर मध्येच विझे. धाकटा मुलगा आतल्या खोलीतून ओरडला, "अम्मी, पुन्हा चुकलं!" आम्हाला इतका राग आला की झाकणच लावून टाकले.

दुसऱ्या दिवशी वर्गात मराठीचा तास होता. आमची शाळा उर्दू माध्यमाची. मराठीतला 'ळ' या मुलांच्या जिभेवर लवकर बसत नाही. सहावीतली एक मुलगी वाचायला उभी राहिली आणि 'कमळ'ला 'कमल' म्हणाली. आम्ही सवयीने म्हणालो, "पुन्हा चुकलं." मागच्या बाकावर कोणी हसले. ती बसली आणि तिने पुस्तक मिटले. ते पुस्तक मिटणे पाहिले आणि काल रात्री आम्ही लावलेले झाकण आठवले.

वीस-बावीस वर्षे आम्ही शिकवतो आहोत. इतक्या वर्षांत आम्हाला न येणारी एकही गोष्ट आम्ही शिकायला घेतली नव्हती. जे येते तेच शिकवत राहिलो आणि न येणे म्हणजे काय असते, तेच विसरून गेलो. त्या दिवशी मधल्या सुट्टीत त्या मुलीला जवळ बसवले. जीभ कुठे लावायची ते दाखवले आणि आमची पेटीची फजितीही सांगितली. ती डोळे मोठे करून म्हणाली, "मॅडम, आपसे भी गलती होती है?"

तेव्हापासून रोज असरनंतर वीस मिनिटे बसतो आणि मगरिबच्या अजानीआधी झाकण लावतो. घाई नाही. एकच पलटा, संथ लयीत. शेजारच्या मावशी एकदा कुंपणावरून म्हणाल्या, "आज पेटी बोलनी वं, मॅडम!" अहिराणीतली ही शाबासकी आम्हाला परीक्षेच्या निकालाइतकी मोलाची वाटली.

सगळ्यांनीच शाबासकी दिली असे नाही. एका नातेवाईकांनी विचारले, "उस्तानी होऊन बाजा वाजवता?" प्रश्न टाळण्यासारखा नाही. संगीताबाबत आपल्या उलेमांमध्ये पूर्वीपासून मतभेद आहेत आणि आम्ही फतवा देणारे कोणी नाही. इमाम गझाली यांनी 'इह्या उलूमिद्दीन'मध्ये समाअवर स्वतंत्र प्रकरण लिहून काय ऐकावे, कोणत्या मनाने ऐकावे याचा ऊहापोह केला आहे. आपल्या महाराष्ट्रात मिरजेला सतार-तंबोरे घडवणारी शिकलगार घराणी आहेत आणि उस्ताद अब्दुल करीम खाँ तिथल्याच दर्ग्याच्या आवारात विसावले आहेत. ज्यांना हे पटत नाही त्यांच्या श्रद्धेचा आम्ही आदर करतो. नमाज चुकू नये, शब्द वाईट नसावेत, घरातल्या कोणाला त्रास होऊ नये, एवढी मर्यादा आम्ही स्वतःला घालून घेतली आहे.

पण एक गोष्ट कबूल केल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. इतकी वर्षे कोणी विचारले की आम्ही म्हणायचो, "काय करणार, सासरी चालत नाही." लोक हळहळत आणि आम्हाला ती हळहळ बरी वाटे. एका संध्याकाळी सासूबाई तसबीह घेऊन दारात येऊन बसल्या. आम्ही हात थांबवला. त्या म्हणाल्या, "बजाओ ना. इतने साल क्यों नहीं बजाया?" आम्ही गप्प. त्यांनीच पुढे विचारले, "बहू, हमने कब मना किया था?"

खरेच, कधीच नाही. आम्ही कधी विचारलेच नव्हते. लग्नानंतर पहिल्या वर्षी माहेरी पेटी उघडली तेव्हा हात जड झाला होता. पूर्वीसारखे येत नाही याची लाज वाटली. ती लाज झाकायला आम्ही एका साध्या बाईच्या माथी दोष मारला. त्या संध्याकाळी त्यांची माफी मागितली. त्या हसून म्हणाल्या, "चलो, अब बजाओ."

आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली होती. तिचे सूर ठरलेले, तिच्यातून मींड निघत नाही, हा आक्षेप होता. १९७१ मध्ये ती बंदी सैल झाली. तीस वर्षांहून अधिक काळ रेडिओवर गप्प राहूनही पेटी लोकांच्या घरांतून गेली नव्हती. आमच्या पेटीवर मात्र कोणीच बंदी घातली नव्हती. ती आमची आम्हीच घातली होती.

शाळेत परिपाठाला प्रार्थना मोबाइलवर लावायची पद्धत पडली होती. या जानेवारीत साने गुरुजींची प्रार्थना आम्ही पेटीवर वाजवली. दोनदा चुकलो. मुले थांबली नाहीत, गातच राहिली आणि आम्ही त्यांना पुढच्या ओळीवर गाठले. पहिल्या रांगेत ती मुलगी होती. 'ळ' अजून दहातून चार वेळा निसटतो. आमचा 'म'ही निसटतो. इन्शाअल्लाह, दोघींनाही जमेल.