आधी गोळी कोणाची?

हॉस्टेलवरची निम्मी भांडणं मेसच्या भाजीवरून होतात आणि उरलेली निम्मी काउंटर-स्ट्राइकवरून. "अरे, मी आधी मारलं होतं!" "मग मेलास कसा?" हा संवाद आमच्या विंगमध्ये रात्री एकनंतर हमखास ऐकू येतो. (रेक्टर सर, आपण वाचत असाल तर 'एक'च्या जागी 'दहा' वाचावे, ही विनंती.)

पण मित्रांनो, खरंच आधी कोणी मारलं हे ठरवतं कोण? माउस नाही, मॉनिटर नाही. ठरवतो सर्व्हर, आणि त्याला काय दिसतं ते गेमच्या इंजिनवर अवलंबून असतं. नवीन इंजिन म्हटलं की आपण ग्राफिक्सबद्दल बोलतो. पाणी चकाचक, भिंती झकास! माझ्या मते खरी गोष्ट वेगळीच आहे.

१९९९ साली मिन्ह ले आणि जेस क्लिफ या दोन कॉलेजच्या पोरांनी 'हाफ-लाइफ'वर स्वतःचा मॉड चढवला, तोच काउंटर-स्ट्राइक. पुढे २०१२ साली आलेला 'ग्लोबल ऑफेन्सिव्ह' सोर्स इंजिनवर चालायचा. २७ सप्टेंबर २०२३ला वाल्व्ह कंपनीने 'काउंटर-स्ट्राइक २' आणला, तो सोर्स २ या नव्या इंजिनवर.

जुन्या गेममध्ये कंपनीचे सर्व्हर सेकंदाला ६४ वेळा जगाकडे बघायचे. या प्रत्येक बघण्याला टिक म्हणतात. १००० भागिले ६४, म्हणजे साधारण १५.६ मिलिसेकंद. दोन टिकांच्या मधे क्लिक केलंत तर हिशोब पुढच्या टिकला. दोघांनी एकाच फटीत क्लिक केलं तर आधी कोण, हे सर्व्हरला कळायचंच नाही. थर्ड अंपायरचं रन-आऊट आठवा. एका फ्रेममध्ये बेल्स जागेवर, पुढच्या फ्रेममध्ये उडालेल्या, आणि बॅट त्या मधल्या क्षणात क्रीजमध्ये! काही बाहेरचे सर्व्हर १२८ टिकवर चालत, पण तिथे तोच स्मोक तसाच उडी मारून फेकला तरी वेगळ्याच ठिकाणी पडायचा. म्हणजे सराव एका मैदानावर आणि मॅच दुसऱ्या.

सोर्स २ने टिक ६४च ठेवले, पण सब-टिक आणलं. क्लिक नेमकं कोणत्या क्षणी झालं, त्याची वेळ क्लिकसोबतच सर्व्हरला जाते. फ्रेम तेवढ्याच, पण प्रत्येक घटनेवर घड्याळाचा शिक्का.

दुसरी सुधारणा धुराची. पूर्वीचा धूर म्हणजे हवेत टांगलेली चित्रं. विशिष्ट कोपऱ्यात उभं राहिलं की याला तो दिसे, पण त्याला हा दिसत नसे. आता धूर खरोखर जागा व्यापतो, दारातून पसरतो, सर्वांना एकाच आकाराचा दिसतो. त्यात ग्रेनेड फोडला तर क्षणभर भगदाड पडतं. म्हणजे लपण्यालाही आता डोकं लागतं.

सगळं आलबेल झालं असं नाही. सुरुवातीला डोळ्याला दिसणारी बंदूक आणि प्रत्यक्ष लागलेली गोळी यांचा मेळ बसत नाही, अशी अनेक मुरलेल्या खेळाडूंची तक्रार होती. आणि रात्री हॉस्टेलचं नेट रखडलं, तर त्याला कुठलं इंजिन काय करणार?

मला खरी टोचणारी गोष्ट वेगळी. नव्या गेममध्ये ३२-बिट विंडोज बाद, डायरेक्ट-एक्स ९वाले बाद, मॅकवाले बाद. माझा रूम-पार्टनर विंगमधला सगळ्यात भारी नेमबाज. त्याचा लॅपटॉप मोठ्या भावाकडून आलेला. त्यावर १.६ लोण्यासारखा चालतो, नवा गेम सुरूही होत नाही. आम्ही सब-टिकवर चर्चा झोडतो तेव्हा तो शेजारी बसून जर्नल लिहितो. न्याय १५ मिलिसेकंदांच्याही आत अचूक झाला, पण त्या कोर्टात शिरायलाच ग्राफिक्स कार्ड लागतं!

उद्या आपल्यापैकी कोणी असली सिस्टिम बनवेल. घड्याळ जरूर अचूक करा. पण बाहेर किती जण राहिले, तेही एकदा मोजा. तोवर आमच्या विंगमध्ये शनिवारी १.६च. कारण त्यात तो असतो आणि आम्ही सगळे हरतो.