सँडी, शेवा आणि टीम लीड

आमच्या आयटीत एक अजब रिवाज आहे. माणूस चांगला कोड लिहायला लागला, की त्याचं कोड लिहिणं बंद करतात. चार-पाच वर्षं मन लावून काम करा, अडलेले बग सोडवा, रात्री-अपरात्री प्रॉडक्शन सांभाळा.. आणि बक्षीस काय, तर टीम लीड व्हा! म्हणजे सकाळी स्टँड-अप, दुपारी क्लायंट कॉल, संध्याकाळी एक्सेल आणि रात्री दुसऱ्यांनी लिहिलेल्या कोडचा रिव्ह्यू. ज्या कामासाठी निवडलं तेच काम हातातून काढून घ्यायचं. उत्तम आचाऱ्याला चुलीपुढून उठवून पंगतीवर देखरेखीला उभं करण्यासारखं आहे हे.

तर मंडळी, गेल्या आठवड्यात हे बक्षीस मलाही मिळालंय. उत्तर सोमवारी द्यायचंय. त्यामुळे हा वीकेंड याच विषयाला वाहिलेला.

असा प्रश्न पडला की शहाणी माणसं मॅनेजमेंटची पुस्तकं वाचतात. मी जुनी स्कोअरकार्डं वाचतो. कारण हीच गोष्ट खेळात जास्त स्वच्छ दिसते. काल गोल मारणारा माणूस आज कोट घालून मैदानाच्या कडेला उभा असतो, आणि आत जाऊन बॉलला पाय लावायची त्याला बंदी असते.

युक्रेनचंच बघा. तिथल्या दोन थोर स्ट्रायकरांनी हा प्रवास केला. ओलेग ब्लोखिन हा डायनॅमो कीव्हचा, १९७५ सालचा बॅलन डी'ऑर विजेता. सोव्हिएत संघासाठी ११२ सामन्यांत ४२ गोल. पुढे तो युक्रेनचा कोच झाला आणि २००६ ला देशाला पहिल्यांदा वर्ल्ड कपला घेऊन गेला. पहिल्याच मॅचला स्पेनने ४-० ने धुतलं, तरी संघ क्वार्टर फायनलपर्यंत पोचला. त्या संघाचा कॅप्टन होता आंद्रिय शेवचेन्को उर्फ शेवा, २००४ चा बॅलन डी'ऑर विजेता. २०१२ च्या युरोमध्ये कीव्हला स्वीडनशी मॅच होती. ब्लोखिन कोच, पस्तिशीतल्या शेवाने डोक्याने दोन गोल मारले आणि युक्रेन २-१ ने जिंकलं. नऊ वर्षांनी, २०२१ मध्ये, पुन्हा युरो, पुन्हा स्वीडन, पुन्हा २-१. पण या वेळी शेवा बाहेर उभा होता, कोच म्हणून. विजयी गोल एक्स्ट्रा टाइमच्या अगदी शेवटी दोव्बिक नावाच्या पोराने मारला. पुढच्याच मॅचला इंग्लंडने त्यांना ४-० ने हरवलं ते सोडा. मला त्या दोन स्वीडन मॅचचं कुतूहल आहे. स्कोअर तोच, माणूस तोच, पण गोल कुणाच्या नावावर लागले ते बदललं.

असो. युक्रेन लांब राहिलं. आपल्याकडे या गोष्टीचा नायक फुटबॉलवाला नाही, क्रिकेटवाला आहे. संदीप पाटील.

माझी त्यांची ओळख यूट्यूबवर नाही, माळ्यावर झाली. आमचं गाव उंब्रज. साताऱ्याहून कराडला जाताना हायवेवर लागतं. तारळी इथे कृष्णेला मिळते, आणि चाफळच्या रामाला जाणारे इथूनच वळतात. घराच्या माळ्यावर नानांची (माझे थोरले चुलते) एक पत्र्याची ट्रंक आहे. त्यात 'एकच षटकार'चे जुने अंक सुतळीने बांधून ठेवलेत. मे महिन्याच्या सुट्टीत, लाईट गेलेली असताना, मी ते वाचून काढले. संपादक संदीप पाटील. बॅट्समन मासिकाचा संपादक असू शकतो याचंच मला तेव्हा नवल वाटलेलं.

मूळचे शिवाजी पार्कचे. बालमोहन शाळा, रुईया कॉलेज, गुरू अंकुश ऊर्फ अण्णा वैद्य. जानेवारी १९८१, सिडनी टेस्ट. डोक्यावर हेल्मेट नाही, ६५ वर खेळतायत आणि लेन पॅस्कोचा बाउन्सर कानावर बसतो. मैदानाबाहेर न्यावं लागलं. पुढची टेस्ट अॅडलेडला. तिथे हेल्मेट घालून उतरले आणि १७४ ठोकले. पुढच्या वर्षी मँचेस्टरला नाबाद १२९, त्यात बॉब विलीसच्या एका ओव्हरमध्ये सहा चौकार (एक नो बॉल धरून). १९८३ च्या वर्ल्ड कपची सेमीफायनलही त्याच मैदानावर, इंग्लंडविरुद्ध ३२ बॉलमध्ये नाबाद ५१. थोडक्यात काय, तर हा माणूस आमच्या भाषेत 'टेन एक्स डेव्हलपर' होता. मूड लागला की समोरच्याची सुट्टी.

आणि मूडचा जो तोटा असतो तोही सोसला. डिसेंबर १९८४, दिल्लीला इंग्लंडविरुद्ध टेस्ट वाचवायची होती. दुसऱ्या डावात ४१ वर उंच फटका मारायला गेले आणि आउट. कपिलही तसाच आउट झाला. मॅच गेली. पुढच्या टेस्टला दोघांनाही बसवलं. कलकत्त्याच्या त्या टेस्टमध्ये अझरुद्दीन नावाचा पोरगा पहिल्यांदा खेळला आणि त्याने पहिल्या तीन टेस्टमध्ये तीन शतकं काढली. कपिल परत आला. पाटील यांची टेस्ट कारकीर्द मात्र तिथेच संपली. २९ टेस्ट, ४ शतकं. वय अठ्ठावीस.

(मी आत्ता साधारण त्याच वयाचा आहे. म्हणून हा आकडा जरा जास्तच टोचतो.)

मधल्या काळात 'कभी अजनबी थे' नावाचा हिंदी सिनेमा केला, मध्य प्रदेशच्या रणजी संघाची कॅप्टनशिप केली. १९९६ मध्ये भारताच्या संघाचं कोचपद मिळालं. इंग्लंडचा तो दौरा म्हणजे लॉर्ड्सवर गांगुली-द्रविडचं पदार्पण आणि सिद्धूचं दौरा अर्धवट टाकून घरी परतणं. काही महिन्यांतच पाटील जाऊन मदनलाल आले. म्हणजे चमकदार खेळाडू, कोच म्हणून पहिल्या प्रयत्नात आउट. इथे गोष्ट संपली असती तर आमचे एचआरवाले म्हणतात तेच खरं ठरलं असतं, की चांगला इंडिव्हिज्युअल चांगला लीड होईलच असं नाही.

पण पुढे केनिया आलं.

केनियाकडे ना टेस्टचा दर्जा, ना मोठी लीग. कोच पाटील, कॅप्टन स्टीव्ह टिकोलो. ऑक्टोबर २००१ मध्ये पोर्ट एलिझाबेथला त्यांनी भारताला ७० रनने हरवलं तेव्हा लोकांनी तो तुक्का धरला. २००३ च्या वर्ल्ड कपमध्ये पहिल्याच मॅचला दक्षिण आफ्रिकेने १० विकेटने चिरडलं, तेव्हा तर तुक्काच होता हे सिद्धच झालं म्हणायचं. मग कॅनडाला हरवलं. सुरक्षेच्या कारणावरून न्यूझीलंड नैरोबीला खेळायला आलंच नाही, त्याचे पॉइंट फुकट मिळाले. नशीब होतंच, नाही कोण म्हणतो? पण २४ फेब्रुवारीला नैरोबीला श्रीलंका आली, ती मॅच नशिबाची नव्हती. केनिया २१० वर ९. श्रीलंका १५७ ऑल आउट. कॉलिन्स ओबुया या लेगस्पिनरने २४ रनमध्ये ५ काढल्या. पुढे बांगलादेशला हरवलं, सुपर सिक्समध्ये झिम्बाब्वेला हरवलं आणि केनिया चक्क सेमीफायनलला! टेस्ट न खेळणारा दुसरा कुठलाही देश आजवर वनडे वर्ल्ड कपमध्ये तिथवर गेलेला नाही.

मला या सगळ्यात मौज कशाची वाटते सांगू? त्या स्कोअरकार्डांत संदीप पाटील कुठेच दिसत नाहीत. नाव तर नाहीच (कोचचा रकाना स्कोअरकार्डात नसतो), पण त्यांच्या बॅटिंगची शैलीसुद्धा नाही. विलीसला सहा चौकार मारणाऱ्याचा संघ म्हणजे धडाधडा फटके मारणारा असेल असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात हा संघ २१० रन करतो आणि तेवढ्यात समोरच्याला गुंडाळतो. ऑस्ट्रेलियाविरुद्धची मॅच बघा. आसिफ करीम, वय ३९, १९९९ च्या वर्ल्ड कपनंतर रिटायर झालेला, त्याला परत आणलेलं. त्याने ८.२ ओव्हर टाकल्या, त्यातल्या ६ मेडन, ७ रन आणि ३ विकेट. पाँटिंग, लेहमन, हॉग. मॅच ऑस्ट्रेलियाच जिंकली, पण जगज्जेत्यांना घाम फुटला.

म्हणजे पाटलांनी केनियात बारा सँडी तयार करायचा हट्ट धरला नाही. हातात जे होतं त्याच्यावर टीम उभी राहिली. हे लिहायला सोपं आहे. आमच्या धंद्यात रिव्ह्यूला बसलेला प्रत्येक माजी हिरो 'मी असतो तर असं लिहिलं असतं' म्हणत ज्युनिअरचा चालणारा कोड पुसतो आणि स्वतःचा टाकतो. असे लीड मी बघितलेत. त्यांची टीम दोन वर्षांनीही दोन वर्षांपूर्वी होती तिथेच असते.

२० मार्च २००३, डर्बन. सेमीफायनलला समोर कोण, तर भारत. गांगुली नाबाद १११, सचिन ८३. केनिया ९१ रनने हरलं. शिवाजी पार्कवर वाढलेला माणूस त्या दिवशी सचिनच्या विरुद्ध बाजूच्या पॅव्हेलियनमध्ये बसला होता. मी तेव्हा बालवाडीत होतो. नाना सांगतात, आमच्या गल्लीत टीव्हीपुढे बसलेले लोक भारताच्या चौकाराला टाळ्या वाजवत होते आणि मधूनच "पाटलाची पोरं बी चांगली खेळत्यात" म्हणत होते.

गोष्टीला एक कडू शेवटही आहे, तो झाकून चालणार नाही. वर्ल्ड कपनंतर पाटील तिथून निघाले. पुढे केनियाचं क्रिकेट पैशाच्या भांडणांत आणि अंतर्गत राजकारणात गाळात गेलं. २०१४ मध्ये वनडेचा दर्जाही गेला. पाटील २०१२ ते २०१६ भारताच्या निवड समितीचे अध्यक्ष होते, म्हणजे त्यांचं बरं चाललं होतं. पण त्या टीमचं काय? उत्तम लीड मिळाला तरी वरची व्यवस्था पोखरलेली असेल तर काही वर्षांत सगळं पाण्यात. माझ्या मनातली खरी भीती ही आहे. स्वतःचे हात गंजवून, दोन वर्षं खपून एक टीम उभी करायची आणि मग एका रीऑर्गच्या मेलने ती चार प्रोजेक्टांत वाटली जायची.

हे सगळं काल रात्री फोनवर नानांना सांगितलं. नाना तरुणपणी तालमीत जायचे, त्यामुळे त्यांचं उत्तर तालमीतूनच येणार हे ठाऊक होतं. म्हणाले, "आरं, आमचं वस्ताद पन्नाशीतबी लंगोट लावून मातीत उतरायचं, पोरास्नी खेळवायचं. फडात मात्र पोरगंच जायचं. वस्ताद फडात उतरला तर पोरानं काय करायचं?" मी म्हटलं, "पण नाना, पोरगं दुसऱ्या तालमीत गेलं तर?" तर म्हणाले, "जाऊंदे की. डाव तर त्याच्यासंगंच जातुय."

यावर मी बराच वेळ विचार केला. मला पहिल्या नोकरीत एक लीड होते. कराडच्या कॉलेजातून नुकता बाहेर पडलेला, क्लायंट कॉलवर तोंडातून शब्द न फुटणारा मी. ते रोज संध्याकाळी अर्धा तास माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसायचे. कीबोर्डला हात लावायचे नाहीत. "आता काय करशील?" एवढंच विचारायचे. ती कंपनी मी सोडली, त्यांनीही सोडली, तो प्रोजेक्ट कधीच बंद पडला. तिथल्या गिट लॉगमध्ये त्या कामावर सगळीकडे माझं नाव आहे, त्यांचं एकदाही नाही. पण आजही बग अडला की मी स्वतःला तोच प्रश्न विचारतो.

आत्ता माझ्या टीममध्ये दोन फ्रेशर आहेत. एकीचा कोड सुरेख असतो, पण कॉलवर ती म्यूटच राहते. दुसरा खूप बोलतो, पण टेस्ट लिहीत नाही. दोघांपैकी कुणीही माझ्यासारखा कोड लिहीत नाही, आणि लिहूही नये.

सोमवारी हो म्हणणार आहे. एक अट घालणार आहे, आठवड्यातला एक दिवस मातीत उतरायचा, म्हणजे कोड लिहायचा. मॅनेजर मान्य करेल की नाही माहीत नाही. नाही केलं तर वाटाघाट करू. आणि मंगळवारच्या क्लायंट कॉलला डेमो तिने द्यायचा, असं तिला आजच कळवलंय. "सर, मला जमेल का?" असा मेसेज आलाय. उत्तर लिहायचं बाकी आहे.